लंगर आणि कलम ११

पूर्वी लातूरहून नांदेडला जायचं म्हणजे लाल एसटी, अहमदपूरला चहा आणि लोह्यापुढे डुलकी. गुरुद्वाऱ्याभोवती घरादुकानांची दाटी. बोळातून वाट काढत दारात पोचायचं, पाय धुवायचे, डोक्याला रुमाल बांधायचा नि आत. लंगरात वाढणारे सरदारजी आमच्याच बोलीत आग्रह करायचे, "घ्या की अजून, दाळ लई हाय!" १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली, पुढे महाराजा रणजितसिंगांनी इमारत बांधवली, एवढं माहीत होतं. या गादीच्या कारभाराला कायदा आहे, हे आमच्या गावीही नव्हतं.

कायदा होता. १९५६ चा, हैदराबाद विधिमंडळाचा. ते राज्य त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मोडलं; कायदा मात्र मराठवाड्याबरोबर आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. पंजाबचा १९२५ चा गुरुद्वारा कायदा इथे चालत नाही, म्हणून नांदेडला वेगळं बोर्ड. त्यात अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे लोक, इथल्या हजुरी खालसा दिवाणचे आणि काही निवडून आलेले.

२००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानं नांदेड पालटलं. बोळ गेले, रस्ते रुंद झाले, आवार मोकळं झालं. गुरुद्वाऱ्यातल्या तख्ताच्या स्नानासाठी गोदावरीचं पाणी गागरीतून आणायचा रोजचा रिवाज तेवढा तसाच आहे. लोकांचं बोलणं मात्र बदललं. २०१५ मध्ये त्या १९५६ च्या कायद्याचं कलम ११ बदलून बोर्डाचा अध्यक्ष नेमण्याचा हक्क सरकारनं स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं नव्या कायद्याला मंजुरी दिली: सतरापैकी बारा सदस्य सरकारनियुक्त, शिरोमणी समितीचे चारांवरून दोन. नांदेडात मोर्चा निघाला, पंजाबातून निषेध झाला आणि सरकारनं विधेयक थांबवलं. आता चहाच्या टपरीवरही कलमाचा आकडा तोंडपाठ असतो.

जुनी एसटी आठवून जीव हळहळतो, पण तेव्हाचं ते अजाणपण मला परत नको. राज्यघटनेचं २६ वं कलम धर्माच्या बाबतीतला कारभार संप्रदायाच्या हाती ठेवतं. मालमत्तेची व्यवस्थाही त्याच्याचकडे, फक्त ती कायद्याला धरून करायची. तेव्हा सरकारनं हिशेब जरूर मागावा. पण पंगत ज्याच्या घरची, वाढपी त्यानंच ठरवायचे असतात.