लाल फडक्यातलं पुस्तक

बोरिवलीत आमच्या समोरच्या काकूंचं देवघर त्यांच्या दारातूनच दिसतं. देवांच्या खालच्या फळीवर पोथ्या, प्रत्येक लाल फडक्यात बांधलेली. त्यांतलं एक पुस्तक पोथी नाही. तो मी दिलेला नवा करार आहे, आणि तो मी नको त्या दिवशी दिला होता.

काका गेल्यावरचा तेरावा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, ओट्यावर चहाच्या पातेल्यांचा ढीग, काकू भिंतीला टेकून बसलेल्या. मी नुकताच उपासनेहून आलो होतो. साक्ष देण्याविषयीचा उपदेश कानात ताजा होता. मला वाटलं, सांत्वनाची वेळ ती हीच. पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि तारणाविषयी बोलायला लागलो. काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "ठेव बाबा तिथे," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं एरवी सताड उघडं असणारं दार लोटलेलं राहिलं. त्या दिवशी त्या घराला ती पातेली घासून देणारं माणूस हवं होतं.

तेव्हापासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आगगाडी माझ्या डोक्यात सारखी धावते. साल १८९३. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने आदराने जागा करून दिली, गोष्टी काढल्या त्या आधी संस्कृत काव्याच्या. ख्रिस्ताचा विषय मागाहून आला. निरोप घेताना त्याने नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या मंडळीत ही गोष्ट सांगताना सगळा जोर त्या दोन वर्षांच्या भाकितावर असतो. मला मोठं वाटतं ते त्या माणसाचं निघून जाणं. झालं का, ठरलं का, म्हणून विचारायला तो टिळकांच्या उंबऱ्यावर उभा राहिला नाही. वाचणं, अडणं, स्वतःशी वाद घालणं, हे सगळं टिळक आणि देव यांच्यातच झालं. एवढं मोठं काम करून तो प्रवासी आपल्या वाटेने गेला.

पुढे थांबायची पाळी खुद्द टिळकांवर आली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचा असा कहर, की बाजारातून आलेला जिन्नसही धुवून घ्यायचा. नवरा बाटला म्हटल्यावर त्या बाईवर काय कोसळलं असेल, ते त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. वर्षं ताटातुटीत गेली. पुन्हा जवळ आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग जात माणसाने केली, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना एके दिवशी आपलं आपणच उमगलं, आणि १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाच वर्षं आधी, नवऱ्याच्या आग्रहापोटी तो झाला असता, तर तो नवऱ्याचा धर्म झाला असता. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. त्याचे पुढचे ६४ अध्याय लिहिले ते याच बाईंनी. असं लिहिणारा हात धाकदपटशाने तयार होत नाही.

घाई काय करून ठेवते, ते आमच्या बोरिवलीतच दिसतं. मंडपेश्वरचं लेणं शिवाचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, वर दगडी इमारत चढवली. आज तिचे नुसते पडके अवशेष आहेत. आत एका बाजूला भिंतीवर नटराज अजून नाचतो आहे आणि दुसरीकडे दगडात कोरलेला क्रूस आहे. त्या क्रूसापुढे ख्रिस्ती माणूस म्हणून उभं राहताना मला लाज वाटते. ज्यावर ख्रिस्ताने स्वतःचा जीव दिला, तो क्रूस दुसऱ्याच्या देवळात छिन्नीने उमटवायचा नसतो.

त्याच शतकातला दुसरा माणूसही आठवतो. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. इथली भाषा शिकला, ओवी कानात मुरवली, आणि त्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापून आलं १६१६ मध्ये. मध्ये सदतीस वर्षं गेली. मंडपेश्वरवरचं छप्पर पडलं. स्टीफन्सच्या ओव्या अजून वाचल्या जातात.

मागच्या पावसाळ्यात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून पेपर वाचून दाखवायला त्या मला हाक मारायच्या. एके दुपारी पेपर संपला, तशा त्या उठल्या आणि चाचपडत त्यांनी खालच्या फळीवरचं एक फडकं सोडलं. अकरा वर्षांपूर्वीचं पुस्तक होतं ते, कोरं करकरीत, कापराच्या वासाचं.

"कुणी गेलं म्हणजे काय करायचं, ते आहे का रे यात?"

मी लाजरची गोष्ट काढली. भाऊ आजारी म्हणून बहिणी निरोप धाडतात. येशू पोचतो तेव्हा लाजरला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले असतात. बहिणी बोल लावतात, तू इथे असतास तर. आणि येशू रडतो. तिथे माझाच आवाज फाटला, म्हणून थांबलो.

"म्हणजे त्यालाही उशीर झाला," काकू म्हणाल्या.

"हो."

"पण आला, आणि रडला."

मी पुढे काही बोललो नाही. त्या दिवशी तरी मला ते कळलं. काकूंनी पुस्तक मागून घेतलं, फडक्याची गाठ मारली आणि ते पोथ्यांच्या शेजारी परत ठेवलं.

त्यानंतर त्यांनी ते मागितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. सकाळचा पेपर अजून मीच वाचून दाखवतो. दार उघडं असतं.