हौदातला स्पंज

आखाडा बाळापुरात बोअरचं पाणी जड. माशांच्या टाकीची काच पांढऱ्या डागांनी भरते. म्हणून मी शेतातल्या हौदाचं पाणी आणतो. त्यात इसापूरच्या कालव्याचं पाणी येतं आणि हळदीच्या ठिबकला तेच जातं. टाकीतले दगड हौदातलेच, गप्पी मासेही.

पावसाळा सरला आणि दगडावर हिरवं काहीतरी चढलं. शेवाळ म्हणून घासलं, तर शिळ्या भाकरीसारखं मोडलं. वर बारीक भोकं, दगडाच्या खालच्या अंगाला तेच मळकट पिवळं. वास असा, की घरच्यांनी टाकी ओसरीवर काढायला लावली. बोटांना खाज सुटली ती वेगळीच. त्याच्या अंगात काचेसारख्या सुया असतात.

हा गोड्या पाण्यातला स्पंज. झाड नव्हे, प्राणी. हिरवेपणा त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. मुंबईच्या तळ्यांतल्या अशा स्पंजांचा अभ्यास कार्टर नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकातच केला होता. युनापियस कार्टेरी ही जात त्याच्याच नावाची. माझ्याकडची तीच का, हे सुया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

जिवंत असेपर्यंत तो पाणी गाळून जिवाणू खातो, माशांचं काही बिघडवत नाही. मेला की कुजतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. हौदात तर तो पाइपाचं तोंडच आवळतो.

"उन्हात तापू द्या की हौद, सर. सगळं मरतंय," शेजारी म्हणाले. आपल्याकडे कशालाही हाच उपाय. मे महिन्यात हौद कोरडा ठेवला. स्पंज कुरकुरीत होऊन गळाला, पण भिंतीला खसखशीएवढे पिवळे दाणे चिकटून राहिले. त्यांना जेम्यूल म्हणतात. तळी दर उन्हाळ्यात आटतात, त्या दिवसांसाठीच स्पंज ते करून ठेवतो. कालव्याचं आवर्तन सुटलं आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच.

कुणी मोरचूद सुचवलं. त्याने गप्पीही गेले असते, म्हणून नको म्हटलं. टाकीतला दगड आता मी पाण्यात खरवडत नाही, कारण तुटलेला तुकडाही जीव धरू शकतो. दगड अख्खा बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकतो. काचेवरचा थर खरवडताना बाजूला नळी धरून चुरा बाहेर ओढून घेतो. खाणंही चिमूटभरच, उरलेलं कुजलं की जिवाणू वाढतात, म्हणजे स्पंजाचीच पंगत. हौद मात्र रिकामा करून तारेच्या ब्रशने घासला, चुरा गोळा करून जाळला, मग ब्लीचिंग पावडर मारून दोनदा धुतला.

पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा भाचा समुद्री स्पंजालाही दगडासकटच उचलतो. काही एंजलफिश स्पंज खातात, पण ते प्रवाळही कुरतडतात, म्हणून तो ते ठेवत नाही.

हौदात पाणी पडतं तिथे आता बारीक जाळी बसवली आहे. जेम्यूल तिच्यातूनही येत असतील, पण तुकडे अडतात. आवर्तन चालू असेपर्यंत ती रोज झटकावी लागते.