नाव, गाव, पाठिंबा

कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, साक्रामेंटोच्या विधिमंडळात आमदाराची भेट ठरलेली असते, पण प्रत्यक्षात भेटतो तो त्याच्या ऑफिसातला विशीपंचविशीतला मुलगा नाहीतर मुलगी. पहिल्या खेपेला माझा चेहराच पडला. एवढी रजा टाकून, पहाटे फ्रेस्नोहून गाडी हाकत आले, आणि समोर आमच्या भाच्याच्या वयाचं पोर वही घेऊन बसलेलं. आमच्या नर्सेसच्या संघटनेतल्या जुन्याजाणत्या मात्र खूश होत्या. आमदार हात मिळवतो, फोटो काढू देतो आणि पुढच्या बैठकीला पळतो. विधेयक वाचतं ते हे पोर. मतदानाच्या आदल्या रात्री आमदारासाठी दोन पानांचं टिपणही तेच लिहितं. त्या टिपणात आपलं एक वाक्य गेलं तर गंगेत घोडं न्हालं.

मी मूळची जत तालुक्यातली. आई आरोग्यसेविका. मुंबईत बी.एस्सी. नर्सिंग करून इकडे आले, बरीच वर्षं वॉर्डात काढली, मग मास्टर्स करून नर्स प्रॅक्टिशनर झाले. हे पद आपल्याकडे अजून फारसं रुळलेलं नाही म्हणून सांगते. रुग्ण तपासायचा, निदान करायचं, रक्त-लघवी तपासायला पाठवायची, औषध द्यायचं, आणि पुढच्या महिन्यात त्याला परत बोलवायचं, एवढं सगळं नर्स प्रॅक्टिशनर करते. अशा नर्सचं पहिलं प्रशिक्षण लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलं. त्यातली एक नर्स, दुसरे बालरोगतज्ज्ञ. डॉक्टर जिथे पोचत नाहीत तिथली मुलं कोणी बघायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

आमच्या भागातही तोच प्रश्न. फ्रेस्नो, टुलारी हा बदाम, द्राक्षं, संत्र्यांचा पट्टा. माझे बहुतेक पेशंट मेक्सिकोहून आलेले शेतमजूर, मधूनमधून पंजाबी शेतकरी कुटुंबं. मधुमेह, रक्तदाब, पाठीची दुखणी, आणि मातीतल्या बुरशीमुळे होणारा, न्यूमोनियासारखा दिसणारा व्हॅली फीवर. डॉक्टर इथे टिकत नाहीत. पण कॅलिफोर्नियाचा कायदा असा होता की, नर्स प्रॅक्टिशनरचं काम डॉक्टरबरोबर लेखी ठरवलेल्या कार्यपद्धतीवर आणि त्याच्या देखरेखीवर चालायचं. औषधं देण्यापुरती एका डॉक्टरच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त चार जणी. देखरेख म्हणजे डॉक्टर शेजारी उभा असतो असं नाही. तो कित्येकदा त्या गावातही नसे. कागदावर त्याची सही असली की झालं.

आमच्या छोट्या क्लिनिकातले ते सहीचे डॉक्टर निवृत्त झाले. दुसरे मिळेपर्यंत मी तीच, खोली तीच, पेशंट तेच, पण मला त्यांची औषधं पुढे चालू ठेवता येईनात. द्राक्षाच्या मळ्यात काम करणाऱ्या एका बाईचं इन्सुलिन त्या दिवसांत संपलं. शहरातल्या इमर्जन्सीत ती पोचली तेव्हा साखर मीटरच्या पट्टीबाहेर गेलेली होती. बाई वाचली. ही हकीकत साक्रामेंटोत सांगू का, असं मी तिला विचारलं. ‘सांगा,’ ती म्हणाली, ‘फक्त माझ्या मुकादमाला कळू देऊ नका.’ म्हणून नाव, गाव, वय, मळा सगळं गाळलं. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा इथे कडक आहेच, पण तो नसता तरी गाळलंच असतं.

त्या ऑफिसातल्या मुलाला मी हीच गोष्ट सांगितली. नर्सेस किती सेवाभावी असतात, साथ असो की भूकंप असो त्या कशा पाय रोवून उभ्या राहतात, हे आमच्यातल्या एकीने आधी भरभरून सांगितलं होतं. मुलगा नम्रपणे मान हलवत राहिला, वहीत काही उतरलं नाही. मला स्वतःला ते ‘नर्स म्हणजे देवदूत’ प्रकरण ऐकलं की कसंसं होतं. देवदूताला कोणी अधिकार देत नाही, ओवाळतात फक्त. पोराला तीन गोष्टी हव्या होत्या : हे आमच्या मतदारसंघात घडलं का, सरकारला याचा खर्च किती, आणि विरोध कोणाचा. इन्सुलिनची गोष्ट चालू असताना त्याने पेन उचललं. क्लिनिकमधली एक भेट आणि इमर्जन्सीतली एक रात्र यांच्या बिलातला फरक मी सांगितला तेव्हा त्याने खाली रेघ मारली.

आणखी एक बाब इथे पाळावी लागते. आपण कोणाच्या वतीने बोलतोय ते स्पष्ट हवं. नोकरी धर्मादाय क्लिनिकात असेल तर तिथला बिल्ला घरी ठेवायचा, स्वतःची रजा घालायची, आणि स्वतःचं म्हणणं मांडायचं. माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं, मताचा हक्क नव्हता. त्यावरून मला कोणीही अडवलं नाही. मत देता येत नसलं तरी गाऱ्हाणं मांडता येतं, हे मला इथलं फार आवडलेलं आहे.

नर्स प्रॅक्टिशनरना डॉक्टरच्या देखरेखीविना काम करू देणारं एड हर्नांडेझ या राज्यातल्या सिनेटरांचं विधेयक २०१५मध्ये आलं. ते पेशाने डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट. २०१३मध्येही त्यांनी असाच प्रयत्न केला होता, तो खालच्या सभागृहात अडकला. या वेळीही विधेयक सिनेटमधून पास होऊन खालच्या सभागृहाच्या समितीपुढे आलं. सुनावणीत मुख्य साक्षीदार मोजकेच बोलतात. बाकी आम्ही सगळ्यांनी माइकसमोर रांग लावायची आणि नाव, गाव, पाठिंबा एवढंच म्हणून बाजूला व्हायचं. कारण सांगायला गेलात की अध्यक्ष थांबवतात. तासन् तास थांबून पाच सेकंद! त्यामागे विरोधकांची रांग. त्यांचेही पांढरे कोट, आमचेही पांढरे कोट. वरून बघणाऱ्याला कोण कोणत्या बाजूचं ते ओळखू येऊ नये.

मग मतदान. समितीत विधेयक पुढे जायला एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, हजर असलेल्यांच्या नव्हे. त्यामुळे ज्याला डॉक्टरही दुखवायचे नाहीत आणि नर्सही, तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं विरोधात मोजलं जातं. जाहीर ‘नाही’ म्हणणारे थोडे होते, आमचा घात या मुक्यांनी केला. मतं कमी पडली.

रात्री आईला फोन केला. तिने नोकरीच्या काळात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावरचे मोर्चे पाहिलेले.

‘‘अगं, घोषणा तरी दिल्यात का?’’

‘‘नाही गं. ओळीनं उभं राहून नाव सांगितलं.’’

‘‘आणि त्यासाठी पगारी रजा घातलीस?’’

उपकेंद्रात रात्री-बेरात्री एकटीने बाळंतपणं उरकणाऱ्या माझ्या आईला रांगेत उभं राहून नाव सांगण्याचं कौतुक कसं वाटावं? ‘‘पुढच्या वेळी त्या गप्प बसणाऱ्यांना आधी गाठा,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. संघटनेच्या बैठकीत नंतर जे धोरण ठरलं ते याहून वेगळं नव्हतं.

विरोध करणाऱ्या डॉक्टरांना मी खलनायक मानत नाही. त्यांचा मुख्य मुद्दा प्रशिक्षणाच्या तासांचा होता आणि तो खोटा नाही. रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरचे तास आमच्या कित्येक पट असतात. दुसरा मुद्दा असा की, मोकळीक मिळाली की नर्सही शहरातच जातील. हाही अगदीच हवेतला नाही, माझ्याच वर्गातल्या कितीजणी लॉस एंजेलिसला गेल्या! पण त्या सहीने माझं प्रशिक्षण वाढत नव्हतं, आणि काही ठिकाणी तर त्या सहीचे दरमहा पैसे मोजावे लागत. शंका आली तर मी डॉक्टरला फोन करतेच, कायदा असो नसो. गप्प बसणाऱ्या सदस्यांच्या ऑफिसांत आम्ही हे विरोधकांचे मुद्दे मान्य करून बोलायला लागलो, तेव्हापासून संभाषण लांबायला लागलं.

पुढचं विधेयक आमदार जिम वूड यांचं, हे पेशाने दंतवैद्य. (आमच्यासाठी लढायला डोळेवाले आले, दातवाले आले.) २०१९मध्ये आलेलं हे विधेयक एका वर्षात निघालं नाही. ऑगस्ट २०२०मध्ये ते सिनेटकडे होतं तेव्हा कोविडमुळे साक्ष फोनवर. क्लिनिकच्या मागे गाडीत बसून मी रांगेत होते. मास्क हनुवटीवर, फोन स्पीकरवर, मधूनमधून ऑपरेटरचा आवाज : अमुक लाइन, बोला. विरोधकही त्याच रांगेत. नाव, गाव, पाठिंबा म्हणून फोन ठेवला आणि पुढचा पेशंट घेतला. २९ सप्टेंबर २०२०ला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली.

अर्थात तडजोड करून. आधी तीन वर्षांचं पूर्णवेळ काम किंवा ४,६०० तासांची अट, मग जिथे किमान एक डॉक्टर आहे अशा ठिकाणी ठरीव कार्यपद्धतीशिवाय काम, आणि त्यानंतर आणखी काही वर्षांनी पूर्ण स्वतंत्र व्यवसाय. आमच्यातल्या काहींना हे फार पचलं नाही, कारण वीसहून अधिक राज्यांत तेव्हा नर्सना पूर्ण मोकळीक होती. मला विचाराल तर पूर्ण अधिकार मागत बसून दर दोन वर्षांनी हरण्यापेक्षा हे बरं. गप्प बसणाऱ्यांना ‘हो’ म्हणायला काहीतरी कारण लागतं, ते या पायऱ्यांनी दिलं.

कायदा झाल्यावर नियम लिहिले गेले. अर्ज सुरू झाले ते २०२३मध्ये. नियमांच्या मसुद्यावर हरकती द्यायला फारच थोड्याजणी आल्या. गंमत अशी की खरा जीव तिथेच असतो, कोणता अनुभव धरायचा, कोण प्रमाणित करणार. मग क्लिनिकांचे स्वतःचे नियम. सरकारने परवानगी दिली तरी मालक जुनाच कागद पुढे करतो, त्याच्याशी वेगळं भांडण.

आणि काही गोष्टी साक्रामेंटोच्या हातातच नाहीत. ज्येष्ठांचा आरोग्यविमा, मेडिकेअर, केंद्राचा. घरी येणारी नर्स मंजूर करण्याचा अधिकार आम्हाला मार्च २०२०च्या केंद्रीय कायद्याने मिळाला. पण मधुमेहींचे खास बूट? इन्सुलिनचा डोस मी ठरवते, पायाची जखम मी बघते, आणि त्या बुटांच्या प्रमाणपत्रावर सही डॉक्टरचीच लागते. ती अट बदलायची विधेयकं वॉशिंग्टनमध्ये मांडली गेली आहेत, अजून पास झालेली नाहीत. आता मी नागरिक आहे. आमच्या खासदाराच्या स्थानिक ऑफिसात परवाच फोन केला. पलीकडच्या मुलीने आधी माझा पिनकोड विचारला, मग म्हणाली, बुटांचं जरा पहिल्यापासून सांगा.