फाटकाच्या आत

अटलांटाला भाईजानकडे गेले होते, तेव्हा अलाबामातलं बर्मिंगहॅम पाहिलं. केली इंग्राम पार्क तशी छोटीच बाग. पण तिथल्या एका वाटेवर दोन्ही बाजूंच्या भिंतींतून धातूची कुत्री अंगावर झेपावतात. पुतळेच ते, तरी मी ओढणी सावरून भाईजानच्या मागे सरकले.

मे 1963 मध्ये इथे शाळकरी मुलांवर खरी कुत्री सोडली होती, बंबाच्या पाण्याचा मारा केला होता. नोकरी जाईल म्हणून मोठी माणसं कचरत होती. मग मुलंच वर्ग सोडून मोर्चाला निघाली. एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी फाटकाला कुलूप लावलं. मुलं कुंपणावरून गेली.

मुलांना फाटकाबाहेर जाऊ न देणं ही तर माझी रोजची ड्यूटी. त्या मुख्याध्यापकांना भित्रं म्हणायला जीभ रेटेना. उद्या मुलाला काही झालं तर त्याच्या अम्मीला काय सांगायचं?

समोरच सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. मोर्चे तिथूनच निघायचे. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला तिथे बॉम्बस्फोट झाला, चार मुली गेल्या. तिघी 14 वर्षांच्या. डेनिस मॅकनेर 11 ची, म्हणजे आमच्या सहावीतली. ॲडी मे कॉलिन्स तिच्या फ्रॉकचा पट्टा बांधून देत होती. बागेतल्या पुतळ्यातही ती तशीच गुडघ्यावर बसलीय.

त्या दिवशी मोर्चा नव्हता. रविवार होता, मुली धर्मवर्गाला आल्या होत्या, चार भिंतींच्या आत. पहिला आरोपी दोषी ठरायला 1977 उजाडलं. आणखी दोघे 2001 आणि 2002 मध्ये.