टेन्शनच्या पोटात

रुखरुख. ही हातून राहून गेलेल्या गोष्टीची. आजारी मावशीला भेटायला जायचं होतं, जमलं नाही, ती गेली. चुटपुट त्याच घरातली, पण अंगाने लहान: बाजारातली ती समई तेव्हाच घ्यायला हवी होती. चुटपुट दोन दिवसांत निघून जाते, रुखरुख मुक्कामाला येते. हळहळ मात्र दुसऱ्यासाठी. ऐन पेरणीत कुणाचा बैल गेला की गाव हळहळायचं. आता तिन्हींचं 'वाईट वाटलं'वर भागतं, आणि हळहळीचं बरंचसं काम व्हॉट्सॲपवरच्या जोडलेल्या हातांकडे गेलंय.

घालमेल, तगमग, चरफड, धुसफूस. सगळ्या टेन्शनच्या पोटात. घालमेल मन ठरत नाही म्हणून. चरफड राग आहे पण काढता येत नाही म्हणून. तोच राग भांड्यांच्या आवाजातून घरभर ऐकू आला की धुसफूस. 'टेन्शन आलंय' म्हटल्यावर ऐकणाऱ्याने काय करावं? सल्ला द्यावा, गप्प बसावं, की स्वयंपाकघरात जाऊन मदतीला लागावं?

धास्ती, धसका, धडकी. धास्ती पुढे काय होईल याची, धसका होऊन गेलेल्याचा, धडकी त्या क्षणाची. पण भीती शब्दांत मांडून काय होतं? कोळ्यांना घाबरणाऱ्या लोकांवर लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. जिवंत, केसाळ कोळ्यासमोर उभं राहून काहींनी आपली भीती शब्दांत सांगायची, काहींनी 'हा काही करणार नाही' अशी मनाची समजूत घालायची. आठवड्याने पुन्हा कोळी समोर आला तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या हाताला घाम कमी सुटला. आपल्याकडे अशा वेळी समजूतच घालतात: घाबरू नकोस, काही होत नाही.

रुसवा. याला समोर माणूस लागतं, तेही मनधरणी करेल असं. एकट्याने रुसता येत नाही. लग्नघरात तर रुसण्याचे मान ठरलेले असत, आणि कोण कशाने मानेल हेही साऱ्या मांडवाला ठाऊक असे. ढोंग होतंच त्यात, पण सोयीचं ढोंग. 'मूड ऑफ आहे' हे वाक्य कुणाकडूनच काही मागत नाही. उलट, लांब राहा असंच सुचवतं.

ओशाळणं, वरमणं, कानकोंडं होणं. आता 'किती एम्बॅरसिंग!' वरमायचा तो माणूस. एम्बॅरसिंग असतो तो प्रसंग. जबाबदारी अलगद सरकली.

अवहित्था. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी भावांपैकी एक: मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. शब्द केव्हाच गेला. भाव रोज सकाळी दहाच्या मीटिंगला हजर असतो.

हिरमुसणं. मुलांसाठी राखीव होतं. मुलंही आता 'अपसेट' होतात.

धाक. वडिलांचा, मास्तरांचा, सासूचा. गेला असेल तर जाऊ दे.

जमेच्या बाजूला दोन. 'तो माझ्या डोक्यात जातो': यात चीड आहे, कंटाळा आहे, आणि इतक्या क्षुल्लक माणसाने आपल्याला व्यापल्याची थोडी लाजही. हे सगळं एका दमात सांगणारा जुना शब्द मला आठवत नाही. दुसरं, 'लोड घेणं'. टेन्शन आपलं आपण येतं. लोड आपण घेतलेला असतो, हे तरी त्यात कबूल आहे.