मोरी म्हणजे शार्क नव्हे

हे वाक्य मी मोठ्याने कधीच म्हटलं नाही. पण चाळीस वर्षं त्यावर माझा ठाम विश्वास होता.

शार्क म्हणजे ‘जॉज’मधला. मालवणात शेजाऱ्यांकडे तो व्हिडिओवर पाहिला आणि पुढचे आठ दिवस चिवल्याच्या समुद्रात घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. मोरी म्हणजे आई बाजारातून आणायची ती. कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत, म्हणून वरून उकळतं पाणी ओतून खरवडायची. मग भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला. आमच्याकडे मोरीचं मटणच म्हणतात. काटे नाहीत, म्हणून लहान मुलाच्या ताटात बिनधोक वाढायची. जिला आपण पोरांच्या तोंडी देतो ती शार्क कशी असेल?

तिसरी ओळख कॉलेजात झाली. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं. ट्रेमध्ये फॉर्मॅलिनचा वास मारणारा स्कोलिओडॉन. भारतीय समुद्रातल्या या लहान शार्कवर ई. एम. थिल्लयंपलम या बाईंनी 1928 मध्ये लिहिलेला प्रबंध आमच्या सरांना जवळजवळ पाठ होता. सांगाडा हाडांचा नाही, कूर्चेचा. त्वचेवरचे खवले दातांच्या घडणीचे, म्हणून ती खरखर. नाकाडावर लोरेंझिनीच्या कुप्या, जेलीने भरलेल्या; भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी अगदी क्षीण वीजही त्यांना कळते. हे सगळं मी आकृत्यांसह लिहिलं आणि मार्क घेतले. प्रॅक्टिकलच्या संध्याकाळी मेसमध्ये मोरी होती. मी दोनदा मागून घेतली. ट्रेमधला, पडद्यावरचा आणि ताटातला, तिघांची माझ्या डोक्यात कधी भेटच झाली नाही.

लग्नानंतर चेन्नईला आले. इथल्या खानावळीच्या फळ्यावर पहिल्यांदा ‘सुरा पुट्टु’ वाचलं तेव्हा हसू आवरेना. मराठी माणसाला सुरा म्हटलं की दारू आठवते, नाहीतर खाटकाच्या हातातलं पातं. पुट्टु खाल्ला आणि चव ओळखीची निघाली. हळदीच्या पाण्यात उकडून, कुस्करून, भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून परतलेली मोरी! परमुलखात माहेरचं कुणी भेटावं तसं झालं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी.

2010 साली विजयचा पन्नासावा सिनेमा आला, ‘सुरा’ नावाचा. नायक कोळी. रस्तोरस्ती पोस्टरं. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, तमिळ मैत्रिणींत वाढलेली. तिने विचारलं, “आई, सुरा म्हणजे शार्क ना? मग पुट्टुतला सुरा पण शार्कच?” मी म्हटलं, “नाही गं, तो वेगळा.” तमिळमध्ये अक्राळविक्राळ शार्कला आणि ताटातल्या लहानग्या माशाला शब्द एकच आहे. पोरीला तो शब्द सरळ दिसत होता. मला माझ्या मराठीने आडोसा दिला होता.

पुढे मी शार्कची कैवारी झाले, हे सांगताना आज कानशिलं तापतात. 2015च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी 2013 मध्ये नियम झाला होता की पर कापून धड समुद्रात फेकायचं नाही, मासा अख्खा किनाऱ्यावर आणायचा. मी आमच्या मराठी मंडळींत त्यावर भाषण दिलं. परदेशातल्या श्रीमंतांच्या सूपासाठी मुका जीव कसा मरतो ते सांगताना माझा गळा दाटून आला. टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर आम्ही काहीजणी जेवायला बाहेर गेलो. काय मागवलं ते सांगायला नको.

2023 मध्ये मुलगी बाळंत झाली. दूध कमी येत होतं. शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, सांगितलं, पाल सुरा दे. पाल म्हणजे दूध. बाळंतिणीला द्यायची म्हणून तिचं नावच तसं. मालवणहून आईचा फोन आला, “मोरी दी गो तिका, दूध येतला.” दोन किनारे, दोन भाषा, सल्ला एकच. मी पहाटे काशिमेडूच्या मासळी बंदरात गेले.

रोयापुरमच्या त्या बंदरात पहाटे चारला जी गर्दी असते ती पाहिल्याशिवाय कळायची नाही. बर्फाचे चुरे, घसरडी जमीन, लिलावाचा कल्ला. एका अक्काने हातभर लांबीची पाल सुरा पुढे केली. मी हो म्हटलं. तिने पोटावर सुरी ओढली आणि आतून तीन पिल्लं बाहेर घसरली. तळहाताहून जरा मोठी, पूर्ण घडलेली, डोळे, पर, सगळं जागच्या जागी. प्रत्येकाच्या छातीच्या परांमधून एक दोरी निघून आईच्या पोटात गेलेली.

नाळ. या जातीला नाळ असते हे मला पाठ होतं. स्कोलिओडॉनचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर, त्यात पोषण जवळपास नसतंच, म्हणून गर्भ सुरुवातीपासून आईवर वाढतो, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. पाल सुरा त्याचीच चुलत बहीण. पिल्लं वर्षभर पोटात वाढतात, एका वेळी बहुधा दोन ते पाच. सुरमई एका हंगामात लाखांनी अंडी सोडते. ही मात्र बाईसारखी, मोजून देणारी. पाच मार्कांचं ते उत्तर काशिमेडूच्या लाकडी फळीवर माझ्यासमोर ओलं पडलेलं होतं आणि घरी माझी लेक नुकत्याच पडलेल्या नाळेचं बाळ घेऊन झोपली होती.

इथे मी मासा परत केला असं लिहिता आलं तर बरं झालं असतं. मी तो घेतला. अक्काने पिल्लं बाजूच्या पाटीत टाकली, पैसे घेतले. घरी उकडताना तो अमोनियाचा उग्र दर्प आला. शार्कच्या रक्तात युरिया साठवलेला असतो, खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकावं म्हणून. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. वास मारायलाच हळद. आयुष्यभर नाकाला माहीत असलेला तो वास त्या दिवशी पहिल्यांदा फॉर्मॅलिनच्या ट्रेशी जोडला गेला. पुट्टु केला. लेकीने खाल्ला. मला घास गिळवला नाही.

आठवड्याने मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी काय खाता ते विचारलं आणि शार्क आधी बंद करा म्हणाले. शिकारी मासा, त्याच्या मांसात पारा साठतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तो टाळावा असा वैद्यकीय सल्ला आहे. दूध वाढतं याला कसलाही आधार नाही. बाळाच्या काळजीपोटी मी नेमकं नको ते आणलं होतं.

मग माझं मन झपाट्याने दुसऱ्या टोकाला गेलं. सगळ्याच शार्कवर बंदी हवी! त्याच तोऱ्यात काशिमेडूला जाऊन अक्काशी वाद घातला. तिने सुरीवरचं पाणी निथळवत विचारलं, “बोटवाला कोळंबीसाठी जाळं टाकतो. ही आपसूक येते. मेलेली आली तर फेकून देऊ का?” मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की हा प्रयोगही होऊन गेला आहे. जुलै 2001 मध्ये सगळ्या शार्क आणि पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातल्या गेल्या. मच्छीमारांनी विरोध केला. त्याच डिसेंबरात यादी दहा जातींवर आली.

त्या दहांत एक पाँडिचेरी शार्क आहे. इथून तीन तासांवरच्या गावाचं नाव मिरवणारी, आकाराने लहानच. 1979 नंतर तिचा खात्रीचा नमुना मिळालेला नाही. ती संपली असेल. किंवा एखाद्या पहाटे अशाच पाटीतून, माझ्यासारख्याच कुणाच्या पिशवीत गेली असेल, आणि घेणारीने म्हटलं असेल, ही काय, साधी मोरी.

सूपाच्या वाट्या पिणाऱ्यांवर बोट दाखवणं सोपं होतं, कारण ते लांब होते. आपल्या देशातल्या मासळीच्या हॉटेलांची अलीकडे पाहणी झाली, त्यात साधारण दर दहांत एका हॉटेलात शार्क मिळत होता. यादीत गोवा आणि तमिळनाडू सगळ्यांत वर, म्हणजे माझ्या माहेराचा शेजार आणि माझं सासर. मागणी होती ती लहान, मीटरभराच्या आतल्या शार्कना. लहान म्हणजे एकतर लहानच जात, नाहीतर मोठ्या जातीचं पोर. जगभरातल्या शार्क आणि पाकटांच्या साधारण एक तृतीयांश जाती आज धोक्यात आहेत आणि त्याचं सगळ्यांत मोठं कारण मासेमारी. पाल सुराही त्या धोक्याच्या यादीत आहे.

नावाने मला फसवलं, पण नावानेच एक मासा वाचलाही आहे. गुजरातेत देवमाशाएवढ्या व्हेल शार्कला ‘बॅरल’ म्हणत, कारण शिकारीत तिला पिंपं बांधत. 2001 मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण 2004 पासून रामकथाकार मोरारी बापूंनी तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हणायला सुरुवात केली. माहेरी आलेली लेक, असं ते सांगत. जे मच्छीमार भाले घेऊन जात तेच पुढे स्वतःची जाळी कापून तिला सोडू लागले. मोरीला असं नाव कोण देणार? तिच्याकडे तो आकार नाही, तो रुबाब नाही. शिवाय ती चवदार आहे.

हो, आहे. आजही खानावळीवरून जाताना परतलेल्या लसणाचा वास आला की पाऊल अडखळतं. मी संत झालेले नाही. माझ्या एका ताटाने बंगालच्या उपसागरात काही फरक पडेल असाही भ्रम नाही. तिथल्या जाळ्यांच्या आसाचा, म्हणजे भोकांच्या मापाचा, प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात सुटणार नाही. पण “तो वेगळा” असं मी आता नातवाला सांगणार नाही, एवढं ठरलं आहे.

अक्काकडे अजून जाते. परवा तिनेच एक तोड काढली. सुरा नको तर सूरै घे म्हणाली. सूरै म्हणजे आपला कुपा. हळद घालून उकडला, कुस्करला, कांदा-लसणात परतला. चव तीच आली म्हणाले तर ते खोटं होईल. लेकीने दोन घास खाल्ले आणि विचारलं, “आई, हा कोण?”

या वेळी मी नाव नीट सांगितलं.