चष्मा आणि ब्रेल यांच्या मधली मुलं

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबमध्ये राहून इथल्या शाळा आणि त्यांतल्या आरोग्य तपासण्या बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. जो डोळा चष्म्याने सुधारत नाही आणि शस्त्रक्रियेनेही पुरता बरा होत नाही, त्या डोळ्याच्या मुलासाठी आपल्याकडे पुढची वाटच आखलेली नाही. चष्मा लागला तर नंबर काढून देतात, मोतीबिंदू असला तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात. पण चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी असेल, म्हणजे इतरांना 18 मीटरवरून दिसणारं अक्षर 6 मीटरवरूनही ओळखता येत नसेल, तर ‘आता काही होणार नाही’ एवढंच आई-बापांच्या हाती पडतं. अशा नजरेला अल्पदृष्टी म्हणतात, आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती अंधत्वाहून वेगळी नोंदली आहे. कायद्याने ओळखलेलं हे मूल वर्गात मात्र ‘अभ्यासात कच्चं’ ठरतं.

हा प्रश्न मागे पडत चाललेला नाही, उलट पुढे येतो आहे. महाराष्ट्रातल्या अंधशाळांमधल्या 1778 मुलांची पाहणी पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयाच्या पुढाकाराने झाली आणि 2007मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे 41 टक्के मुलांच्या डोळ्यांत जन्मजात दोष आढळले. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आजारांचा वाटा सुमारे 22 टक्के होता. हे दुसरे आजार बरेचसे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावातून आणि गोवरातून येतात. जीवनसत्त्वाचे डोस आणि लस यांनी ते आटोक्यात येऊ लागले, ही मोठी कमाई आहे. जन्मजात दोष मात्र लशीने थांबत नाहीत. नात्यातली लग्नं टाळली तर आनुवंशिक आजारांपैकी काही कमी होतील, पण जी मुलं आज शाळेत बसली आहेत त्यांचं काय? त्यांना बरं करता येत नसेल, तर उरलेल्या नजरेचा पुरता उपयोग करायला शिकवणं हाच उपचार आहे.

यावर पहिला आक्षेप संख्येचा. भारतात हजार मुलांमागे एकाहून कमी मूल अंध असतं, मग गावोगावी सोय कशाला, असं विचारलं जातं. सोय गावोगावी नको, तालुक्याला हवी, असं माझं म्हणणं आहे. शिवाय पाच वर्षांच्या मुलापुढे साठ वर्षांचं आयुष्य असतं, हे डोकी मोजताना सुटून जातं. दुसरा आक्षेप पैशाचा. हातातलं भिंग, स्टँडचं भिंग, तिरपं मेज, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, पहिला बाक, उजेड पाठीमागून येईल अशी जागा: यातलं बरंचसं स्वस्त आहे आणि काही तर फुकट. महाग पडतं ते येणं-जाणं. द्राक्षबागेत किंवा उसाच्या फडात मजुरी करणाऱ्या घराला सोलापूर-पुण्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज, म्हणून दुसरी खेप होतच नाही. तिसरा आक्षेप, माणसं कुठून आणायची? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. मूल हुडकण्याची यंत्रणा आहे. हुडकल्यानंतरची पायरी बांधायची राहिली आहे. पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी प्रशिक्षित नेत्रतंत्रज्ञ बसला आणि भिंगांचा एक संच असला, तरी ती पायरी उभी राहते.

अंधशाळा आहेत की, असंही काही जण म्हणतात. ब्रेलची गरज असलेल्या मुलांना त्या हव्यातच. पण भिंगातून वाचू शकणाऱ्या मुलाने घर आणि गावची शाळा सोडून का जावं? डोळ्याजवळ धरून वाचल्याने उरलीसुरली नजर झिजते, ही भीतीही खोटी आहे. वापरल्याने नजर संपत नाही. मूल भिंग लावायला लाजतं, हे मात्र खरं आहे. त्याला उत्तर गुरुजी आणि बाईच देऊ शकतात, वर्गासमोर ते भिंग कंपासपेटीइतकं साधं करून. म्हणून माझी मागणी नेमकी आहे. शाळा तपासणीच्या कागदावर चष्म्यापुढचा एक रकाना वाढवा, त्यात नोंदलेल्या प्रत्येक मुलाचा तालुक्याला पाठपुरावा करा, आणि वर्षाच्या शेवटी ते मूल काय वाचू लागलं हे तपासा.